लघु-इंजिनाच्या दिव्याचे आधुनिकीकरण : जानेफळ व परिसरासाठी

छोट्या इंजिनाचा पिवळा बल्ब काढून तेथे एलईडी बसवण्याच्या कामाला जानेफळात रेल्वे बोर्डाची परवानगी लागत नाही. मेहकर तालुक्यातून रेल्वेच जात नाही. जवळचे स्टेशन खामगाव, आणि तेही जलंबहून निघालेल्या, १८७० साली कापसासाठी टाकलेल्या फाट्याचे शेवटचे टोक. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. ती पुरी होईपर्यंत परिसराला परवडणारे इंजिन एचओ मापाचेच, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. ही दुनिया थाटात चाललेली पाहायची असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे.

प्रथम सर्वेक्षण. इंजिनाचे कवच उघडून दिव्याची जागा मोजावी. बहुधा ३ मिलिमीटरचा एलईडी मावतो. सर्वेक्षण एकदाच करावे. तेच ते पुन्हा करण्याची पद्धत मोठ्या रेल्वेसाठी राखीव आहे. त्यानंतर भूसंपादन, म्हणजे घरातले एखादे टेबल. स्वयंपाकाच्या वेळेआधी ते मोकळे करून देण्याची लेखी हमी दिल्यास विरोध मावळतो.

जुना बल्ब गव्हाच्या दाण्याएवढा असतो, पण तापतो फार. बराच वेळ जळत ठेवला तर प्लास्टिकचे कवच मऊ पडते. पांढऱ्या एलईडीला मात्र ३ व्होल्ट पुरतात. रुळांवरचे १२ व्होल्ट त्याला थेट दिले, तर तो एकदाच आणि फार झगझगीत पेटतो. म्हणून मध्ये १००० ओहमचा रेझिस्टर घालावा : तपकिरी, काळा, लाल अशा पट्ट्यांचा. उरलेले ९ व्होल्ट तो अंगावर घेतो आणि एलईडीतून ९ मिलिअँपिअर जातात. तेवढा उजेड पुरे. या इंजिनाला रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जायचे नाही. छटा उबदार पिवळसर निवडावी. गणपतीच्या सिरीजमधला आपोआप लुकलुकणारा एलईडी काढून लावू नये. खऱ्या इंजिनावर लुकलुकणारा पिवळा दिवा धोक्याच्या इशाऱ्यासाठी असतो, आणि टेबलावर विनाकारण घबराट नको.

एलईडीचा लांब पाय धन. कडेला सपाट भाग असेल ती बाजू ऋण. इंजिन मागे घेतले की साध्या डीसी रुळांवर वीज उलटते. एलईडी विझतो, यात बिघाड नाही. पण उलटे व्होल्ट त्याला सोसत नाहीत. यासाठी १एन४१४८ डायोड एलईडीच्या दोन्ही पायांवर उलट्या दिशेने जोडावा. इंजिनात डीसीसी (डिजिटल नियंत्रणाचा) डिकोडर असल्यास डायोड नको. त्याची निळी तार सामाईक धन, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या. रेझिस्टर मात्र तिथेही हवाच.

डाख देताना २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. उघड्या तारा धातूच्या सांगाड्याला लागल्या की शॉर्ट झालाच, म्हणून त्यांवर हीट श्रिंक नळी चढवावी. कवच लावण्याआधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर, रेझिस्टरसकट, दिवा पाहून घ्यावा. प्लास्टिकमधून उजेड झिरपून ड्रायव्हरची केबिनही उजळत असेल, तर कवच आतून काळे रंगवावे.

डाखाच्या तारेत बहुधा शिसे असते. काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्याला हात लावू नये.