पुठ्ठ्याचं ब्राउनिंग : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सोसायटीच्या गणपतीत ऐतिहासिक नाटिका करायचं ठरलं, की कामं भराभर वाटली जातात. ज्याला अभिनय येतो तो अनंत कान्हेरे होतो. ज्याला येत नाही, पण ज्याच्या वडिलांची वर्गणी घसघशीत असते, तो कलेक्टर जॅक्सन होतो. आणि बैठकीला जो सगळ्यांत उशिरा पोहोचतो, त्याच्या गळ्यात पिस्तूल पडतं. प्रस्तुत मार्गदर्शन या तिसऱ्या इसमासाठी आहे.

पायरी १ : आधी इतिहास, मग कात्री

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन प्रेक्षक म्हणून आलेले. तिथे अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते जागीच पकडले गेले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी झाली.

हा सगळा मजकूर निवेदकाचा. आपल्या कामाचं त्यात एकच आहे : पिस्तूल ब्राउनिंग होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली होती.

ब्राउनिंग म्हणजे रिव्हॉल्व्हर नव्हे. दिग्दर्शक ‘ते गरगर फिरणारं चक्र पाहिजेच’ म्हणेल. तो काउबॉयचे सिनेमे पाहून मोठा झालेला असतो. त्याला शांतपणे सांगा, की या पिस्तुलाला चक्र नसतं, गोळ्या मुठीतच भरतात. आपण १९०० सालचा नमुना धरू. त्याला बाहेरून दिसणारा घोडासुद्धा नाही. लांबी सतरा सेंटीमीटरच्या आसपास, अंग चपटं, कोपरे चौकोनी. बेल्जियमच्या कारखान्यात ते घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुठ्ठा नसणार, पण पुठ्ठ्याला इतकं सोयीचं हत्यार शोधून सापडायचं नाही.

पायरी २ : साहित्य

‘घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून’ असं अशा लेखांत बिनदिक्कत छापलेलं असतं. लिहिणाऱ्याने मराठी घर पाहिलेलं नसतं. मराठी घरात टाकाऊ असं काहीच नसतं. जे आहे ते ‘असू दे, लागेल कधीतरी’ या सदरात मोडतं, आणि ते कधीतरी आज उजाडलं आहे हे कोणालाही पटत नाही. तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाच्या ताब्यात आहे हेही दिलं आहे.

• मिक्सरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा. ताबा : बाबा. मिक्सर दोनदा बदलला तरी खोकं माळ्यावर असतं, कारण वॉरंटी. वॉरंटी संपल्याचा मुद्दा काढू नका. त्यातून दुसराच विषय निघतो.

• वर्तमानपत्राची रद्दी. ताबा : आई. रद्दीवाल्याचा भाव आणि तुमची गरज यांची तुलना होईल. तुम्ही हराल. पुरवण्या मागा, मुख्य अंक मागू नका.

• मेथीदाणे, अर्धी वाटी. ताबा : आजी. याच वस्तूवर मात्र मालकाकडून आपणहून मदत मिळते. कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालायची आणि त्याच्या टोपल्या थापायच्या, हा उद्योग आजीने लहानपणी केलेला असतो. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही.

• जुन्या नळाची पितळी तोटी. ताबा : बाबा, बाल्कनीतला पत्र्याचा डबा. वजनासाठी लागते. रात्री घ्या.

• संपलेल्या बॉलपेनचं आवरण, फेविकॉल, चिंध्या, शिसपेन्सिल, पॉलिश पेपर आणि चमक नसलेला काळा रंग.

पायरी ३ : सांगाडा

पिस्तुलाची बाह्याकृती पुठ्ठ्यावर काढून घ्या. तशा पाच-सहा चकत्या कापा आणि एकावर एक चिकटवा. जाडी अडीच सेंटीमीटर भरली की पुरे. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी पन्हळी असतात. एका चकतीत त्या आडव्या आल्या, तर पुढच्या चकतीत उभ्या येतील अशा बेताने कापा, म्हणजे मूठ पिळवटत नाही. वरून जाड शब्दकोश ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. घरातला शब्दकोश या निमित्ताने वापरात येतो.

चाप वेगळा बसवायचा नाही, चकतीतच कापायचा. तो हलता कामा नये. चाप हलतो असं कळलं, की सोसायटीतलं प्रत्येक मूल तो हलवून पाहतं, आणि संध्याकाळपर्यंत तो हलायचा थांबतो.

पायरी ४ : वजन

खरं पिस्तूल सहाशे ग्रॅमच्या थोडं वर भरतं. नुसत्या पुठ्ठ्याचं शंभरसुद्धा भरत नाही, आणि ही लबाडी मनगट लगेच सांगून टाकतं. हलकी वस्तू हातात असली की नट ती बोलता बोलता हवेत नाचवतो, तिने कान खाजवतो. म्हणून चकत्या चिकटवण्यापूर्वी मधल्या तिन्हींना मुठीच्या जागी खिडकी पाडा. तीत तोटी ठेवून भोवती चिंध्या गच्च कोंबा. चिंध्यांत कंजुषी केली, तर क्रांतिकारकाच्या खिशातून ऐन शांततेत खुळखुळ ऐकू येईल.

पायरी ५ : नळी

या नमुन्यात गोळीची नळी खाली असते आणि तिच्या वर स्प्रिंगची नळी. पुढून पाहिलं तर भोकं दोन. पेनच्या आवरणाचे दोन तुकडे पुढच्या टोकाला जेमतेम एक सेंटीमीटर आत रुतवा आणि मागून लगद्याने बुजवा. भोक दिसलं पाहिजे, असता कामा नये. इंजिनिअरिंगला असलेला तुमचा चुलतभाऊ इथे ‘आरपार केली तर आपण यातून काहीतरी उडवू शकतो’ असं सुचवेल. त्याला मांडवाच्या दिव्यांच्या माळा सोडवायला पाठवा.

पायरी ६ : लगदा आणि भाद्रपद

रद्दी फाडून रात्रभर भिजत घाला, पिळून वाटा, भिजवलेल्या मेथीचं वाटण आणि थोडा फेविकॉल मिसळा. पातळ थर द्या, पुठ्ठ्याच्या कडा बुजल्या की थांबा. कृती संपली. आता वाळवणं.

इतर देशांतली पुस्तकं इथे ‘उन्हात ठेवा’ असं सांगून मोकळी होतात. गणपतीच्या दिवसांत ऊन कुठून आणायचं? फ्रिजच्या मागे, पंख्याखाली, गॅसपासून चार हात लांब, अशा जागा फिरत्या ठेवा. थर जाड झाला असेल, तर तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी येते. घाबरू नका, खरवडा आणि पुन्हा वाळवा. घरभर मेथीचा वास सुटेल. ‘आज लाडू का?’ असं विचारत शेजारच्या काकू डोकावतील. त्यांना पिस्तूल दाखवा. त्या नाटकाला येतील.

पायरी ७ : रंग

आधी पॉलिश पेपर, मग काळा रंग. रंग चमकणारा घेतलात, तर मंचावरचा दिवा त्यावर पडून पिस्तूल प्लॅस्टिकचं दिसतं. रंग वाळल्यावर शिसपेन्सिल पॉलिश पेपरवर घासून तिची पूड काढा आणि कडांवर, मुठीच्या वरच्या बाजूला बोटाने चोळा. पुठ्ठ्याला पोलादाची झाक येते. या सगळ्या खटाटोपात जादू म्हणावी अशी हीच एक पायरी आहे, आणि तिचा खर्च एका पेन्सिलीचा आहे.

इथे हात थांबवा. कंपनीचं नाव कोरणं, मुठीवर बारीक नक्षी काढणं, सिरीयल नंबर घालणं हा मोह नवशिक्याला होतोच. पिस्तूल दहाव्या रांगेतल्या खुर्चीवर बसून तपासा. तिथून जे दिसत नाही ते तुम्ही स्वतःसाठी करत होता.

पायरी ८ : खरंच का नको?

सोसायटीत एखादे निवृत्त अधिकारी असतात. ते म्हणतील, ‘माझ्याकडे परवान्याचं आहे, रिकामं करून देतो.’ त्यांचे आभार माना आणि विषय बदला. १९९३ साली ‘द क्रो’ या सिनेमाच्या चित्रीकरणात ब्रँडन ली गेला. रिव्हॉल्व्हरच्या नळीत आधीच्या काडतुसाचं टोक अडकून राहिलं होतं. पुढच्या प्रसंगात आवाजाचं काडतूस उडवलं, आणि त्याच्या दाबाने ते टोक बाहेर पडलं. २०२१ साली ‘रस्ट’च्या सेटवर, ज्यात खरी गोळी नाही असं समजून चाललं होतं त्याच बंदुकीतून गोळी सुटली आणि छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स मरण पावली. या दोन्ही ठिकाणी पगारी माणसं होती, शस्त्रं सांभाळणारी होती. आपल्याकडे सांस्कृतिक समिती आहे. म्हणून पुठ्ठा.

तयार पिस्तूलही कमरेला लावून स्कूटरवरून मिरवायचं नाही. बाहेरच्याला ते पुठ्ठ्याचं आहे हे कळत नाही, आणि तेच तर आपण साधलेलं आहे. ने-आण डब्यातून करा. विमानाने दुसऱ्या गावी प्रयोगाला जाणार असाल, तर हातातल्या सामानात खेळण्यातली किंवा नकली बंदूकही चालत नाही. सुरक्षारक्षकाला मेथीची कृती समजावण्याइतका वेळ तिथे नसतो.

पायरी ९ : आवाज

पिस्तूल दिसायला हवं तसं ऐकूही यायला हवं. बहुतेक मंडळं इथे मोबाइलवर विसंबतात. मोबाइल ब्लूटूथने स्पीकरला जोडलेला असतो. कान्हेरे हात उचलतात, चाप ओढल्याचा अभिनय होतो, जॅक्सन पडतो, प्रेक्षक हळहळतात, आणि त्यानंतर गोळी सुटते. कधी गोळीऐवजी जाहिरात लागते.

त्यापेक्षा जुना उपाय बरा. विंगेत एक लांब फळी घ्या. एका टोकावर पाय रोवा, दुसरं टोक दोरीने उचला आणि सोडा. लाकडी मंचावर असा बार निघतो, की पहिल्या रांगेतलं तान्हं मूल रडायला लागतं. दिवाळीतल्या टिकल्या दगडावर ठेवून हातोडीने फोडणं हा दुसरा मार्ग. पण पावसाळ्यात त्या सादळतात आणि मांडवात कापड फार असतं. फळीच घ्या. फळी सोडणाऱ्याला नटाचा हात दिसेल असा उभा करा, आणि त्याचा मोबाइल काढून घ्या.

पायरी १० : समोरचा माणूस

आता या मार्गदर्शनातली सर्वांत महत्त्वाची पायरी, जिच्यासाठी साहित्य काहीच लागत नाही.

तुम्ही पंधरवडा खपून केलेल्या वस्तूकडे प्रेक्षक जेमतेम दोन सेकंद पाहतो. हात वर गेला, काळं काहीतरी दिसलं, एवढी नोंद त्याचं मन घेतं आणि नजर लगेच समोरच्या माणसाकडे जाते. पिस्तूल खरं की खोटं याचा निकाल जॅक्सनच्या चेहऱ्यावर लागतो. तो बार व्हायच्या आधीच डोळे मिटून बसला, तर बेल्जियमहून मागवलेलं अस्सल ब्राउनिंगही पुठ्ठ्याचं ठरेल. तो नाटक बघण्यात रंगलेला असताना हात दिसला, आधी काही कळलंच नाही, मग कळलं, आणि उठू पाहताना पाय लटपटले, तर कान्हेऱ्यांच्या हातात केळं असलं तरी चालेल.

म्हणून पिस्तूल पूर्ण झाल्याबरोबर ते नुसत्या जॅक्सनच्याच नव्हे, तर त्याच्या आसपास बसणाऱ्यांच्याही ओळखीचं करा. निरोपाला जमलेली मंडळी, शेजारच्या खुर्चीवरची मडम, मागे उभा असलेला शिपाई. त्यांच्यातला एकजण जरी ‘आता वाजणार’ या बेताने आधीच कानावर हात ठेवून बसला, तर संपलं. तालमीत त्यांना सांगा, की तुम्ही ‘शारदा’ पाहायला आला आहात, शारदाच पाहा. त्या रात्री विजयानंदमधल्या प्रेक्षकांनीही तेच केलं होतं.

जॅक्सनची खुर्ची मंचावरच ठेवा. ‘प्रेक्षकांतच बसवू, जिवंत वाटेल’ ही सूचना येणारच. त्याने पिस्तूल पहिल्या रांगेपासून दोन फुटांवर येतं, आणि दोन फुटांवरून पुरवणीतली पाककृती वाचता येते.

आणि हो, वर्गणीवाल्या वडिलांच्या मुलाला पडण्याचा सराव द्या. सतरंजीवर, खांद्याच्या अंगाने, गुडघे आधी. मेल्यावर चष्मा सारखा करायचा नाही, हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं.

पायरी ११ : विल्हेवाट

विसर्जन झालं की पिस्तुलाचं काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा. अखंड कचऱ्यात टाकू नका, पहाटे कचरा नेणाऱ्याच्या छातीत धस्स होईल. तुकडे करा. पुठ्ठा सुक्यात, पेनचं प्लॅस्टिक वेगळं, तोटी धुऊन पुसून पत्र्याच्या डब्यात, जमल्यास आधीच्याच जागी. बाबांना तिच्या गैरहजेरीचा पत्ता लागला नसेल, तर लागू देऊ नका.

समितीने पुढच्या वर्षासाठी ‘अफझलखानाचा वध’ नक्की केल्याचं समजतं. वाघनखांचं काम कोणाकडे जाईल ते ठरायचं आहे, पण आईने स्टीलचे काटे आणि चमचे आतापासूनच कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत. बैठकीला वेळेवर जा.