माशाला दाखला हवा

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आणि बीडच्या माशांनाही कर्जमाफीची वाट बघण्याचा हक्क मिळाला. पण शेतीत आलात की कागद आले. २०१० मध्ये स्थापन झालेली नेदरलँड्समधली एएससी ही संस्था पाळलेल्या माशांच्या जबाबदार संगोपनाला मानांकन देते. अमेरिकेतली बीएपी तर तारेच वाटते. बीज, खाद्य, तळं आणि प्रक्रिया, असे चार. चारही मिळाले की आंध्रची कोळंबी परदेशात ताठ मानेनं उतरते. आमचा कटला माजलगावहून परळीला जातो, थर्माकोलच्या खोक्यात, आडवा. तरी म्हटलं, आपलेही तारे मोजून बघू.

आधी बीज. बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, रात्री टेम्पोनं येते. प्लास्टिकची पिशवी, पाणी थोडं, वर ऑक्सिजन. एका चाळणीतली पिल्लं मोजायची आणि मग नुसत्या चाळण्या मोजत जायच्या. मोजायची चाळणी शिगोशीग असते, पुढच्यांतून पाणीच जास्त निथळतं. ‘सगळी रोहूच आहे, मालक,’ असं तोंडी प्रमाणपत्र मिळतं. चार महिन्यांनी जाळ्यात चिलापी. ही बाई १९५२ मध्ये देशात आली. अजून अधिवासाचा दाखला नाही, पण धरणाधरणात घरकुल आहे. खरं तर तपासायला हवी ती ही पिशवी. वर्षाचं नुकसान तिथंच ठरतं, आणि नेमकी तीच अंधारात उतरवली जाते.

खाद्याचं म्हणाल तर शेंगदाणा पेंड आणि कोंडा. म्हैसही पेंडच खाते, तिला कुणी तारा दिला नाही.

तळ्याच्या निकषांत मात्र आम्ही जगात पहिले. सामन पाळणाऱ्यांना निसटलेल्या माशांचा हिशेब द्यावा लागतो. आमच्या शेततळ्यातून मासा कधी निसटत नाही, पाणीच निसटतं. २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा कुणी परीक्षक केज तालुक्यातल्या धनेगावला आला असता, तर बूट न भिजवता धरणात फिरून आला असता.

मालकाकडे कागदांना तोटा नाही. सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, आधार, प्रकल्प अहवाल, शिवाय तळ्याच्या काठावर उभं राहून काढलेला अक्षांश-रेखांशासकट फोटो. माणूस पुरता प्रमाणित आहे. माशाबद्दल फाईल काही बोलत नाही.

राहिला प्रक्रियेचा तारा. बाजारात मावशी येतात, कल्ला उचलतात, आत लाल आहे का बघतात, बोटानं पाठ दाबतात आणि भाव पाडतात. लेखापरीक्षण संपलं. परवा एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, ‘प्रमाणित आहे का हो?’ विक्रेत्यानं सुरी पुसत सांगितलं, ‘दाखला पाहिजे तर सेतूत जा. मासा पाहिजे तर पिशवी काढा.’