चौदा आणे

वकील, आमदार आणि बागायतदार असे तिघे एकाच सदऱ्यात नांदू लागले की सगळ्यात जास्त हाल सदऱ्याचे होतात. हापूसचा चीक कापडाला लागला की तो डाग मरेस्तोवर सोबत करतो, आणि कोर्ट काय, विधानभवन काय, दोन्हीकडे पांढऱ्यावाचून गत नाही. आमच्या शेजारचे वकीलसाहेब दोनदा निवडून आले. प्रचाराच्या फोटोत त्यांच्या उजव्या बाहीवर जो तपकिरी डाग दिसतो तो, विरोधक काहीही म्हणोत, चिकाचाच आहे.

आमदाराने वकिली करावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2018 साली निकाल लागला की हरकत नाही. त्याच वर्षी कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं. साहेब तोवर माजी होऊन जुने झाले होते, पण त्यांची दोन्ही उत्पन्नं अशी पूर्वलक्षी प्रभावाने अधिकृत झाली. मला विचाराल तर न्यायालयाने बागेबद्दल विचारायला हवं होतं. खरा हितसंबंधांचा झगडा तिथे होता.

विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरवायचं हे 1953च्या नागपूर करारातलं. त्यावर सह्या करणाऱ्यांत आंबेवाला कुणी नसावा, कारण हे अधिवेशन येतं डिसेंबरात, आणि डिसेंबर म्हणजे मोहोराचे दिवस. थंडी पडली की मोहोर द्यायचा की नुसती पालवी, हे झाड ठरवतं. मोहोर आलाच तर तुडतुडे आणि भुरी टपलेले असतात, फवारणी एक दिवस हुकून चालत नाही. साहेब आमदार निवासातून रात्री गड्याला फोन लावायचे.

"मोहोर इलो?"

"नाय सायबानू, पालवीच इली हा."

दुसऱ्या दिवशी साहेबांची लक्षवेधी नको तितकी कडवट व्हायची, आणि उत्तर देणाऱ्या मंत्र्याला वाटायचं आपल्याच खात्याचं काही चुकलं. त्यात जो भेटेल तो हातावर संत्रं ठेवणार.

मार्चात अर्थसंकल्पी अधिवेशन, म्हणजे देह नरिमन पॉइंटला आणि जीव वाशीच्या बाजारभावात. त्या मानाने कोर्ट समजूतदार. एका फणसावरून दोन भावांचा दावा, जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, असल्या तारखा वर्षभर चालायच्या, पण मे महिन्यात कोर्टाला सुट्टी. इंग्रजांनी ती उकाड्यापायी दिली असेल. आमच्याकडे ती आंब्यासाठीच आहे, यावर वादी-प्रतिवादींचं एकमत होतं, कारण दोघेही आपापल्या झाडांवर असत.

साहेबांचं खरं ज्ञान झेल्याच्या टोकाशी होतं. हापूस चौदा आणे तयार झाला की उतरवायचा. त्याआधी काढला तर अढीत सुरकुततो, सोळा आण्यांची वाट पाहिली तर आत साका धरतो. वरून रंग, वास सगळं जागच्या जागी, आणि कापल्यावर गाभ्यात पांढरट, आंबट स्पंज. उलटतपासणीची सोय नाही. साहेब म्हणत, कोर्टाला सोळा आणे पुरावा लागतो, सभागृहाचं चार आण्यांवर भागतं, चौदा आणे नेमके कळायला बागेतच यावं लागतं. त्यांच्या भाषणांना टाळ्या कमी पडत त्याचं कारणही हेच असावं. चौदा आणे खात्री असलेला माणूस मैदानात बोलायला उभा राहिला की उरलेले दोन आणे त्याच्या चेहऱ्यावर दिसतात.

एका वर्षी अवकाळी पावसाने फळ झडलं. साहेबांनी सभागृहात भरपाई मागितली, ती जाहीरही झाली, आणि पंचनाम्याला निघालेले तलाठी सगळ्यात आधी साहेबांच्याच बागेत येऊन उभे. हे दिसायला बरं नाही, एवढं वकिलाला कळत होतं. तलाठ्यांना हाकललं तर ते घाबरून चार दिवस कुठेच फिरकणार नाहीत, हे आमदाराला कळत होतं. आणि फळ तर खरंच गळलं होतं. "माझं नाव यादीत सगळ्यात शेवटी घाला," साहेब म्हणाले. तलाठ्यांनी तसंच घातलं. वरच्या कचेरीत यादी हाती घेणाऱ्याने ती खालून वाचायला सुरुवात केली.

तिसऱ्यांदा साहेब पडले. पडले म्हणजे चांगलेच पडले. वहिनींकडे पेट्यांची एक वही असे: मंत्रालयात कुणाला किती डझन, पक्षाच्या कचेरीत कुणाला, कुणाच्या मेहुण्याला. न्यायाधीशांचं नाव तिच्यात कधीच नव्हतं, हे साहेब अभिमानाने सांगत. निकालानंतरच्या मे महिन्यात वहिनींनी वही उघडली आणि पानंच्या पानं आडवी रेघ मारून खोडली. इतकी वर्षं आम्हा शेजाऱ्यांच्या वाट्याला डागी आणि पडीचे आंबे येत. त्या साली पाच डझनांची पेटी आली, वर गवत, आत एकसारखं फळ, देठासकट. त्या निवडणुकीचा निकाल वाईट लागला, असं आमच्या घरात कुणीही म्हणत नाही.