एडुकान कुलदीपकास अनावृत पत्र

श्रीमंत राजपुत्र (किंवा राजकन्या, सुरुवातीच्या पडद्यावर आपण जे निवडलं असेल ते) एडुकान यांस,
सा. न. वि. वि.

ड्वार्फांच्या ऑर्झामार नगरीचं सिंहासन आपण पुन्हा एकदा लॉर्ड हॅरोमाँट यांच्या पदरात टाकलंत, त्याबद्दल अभिनंदन. निकाल ऐकून धाकटे बंधू बेलन भर सभागृहात हत्यार घेऊन उठले आणि आपण त्यांना तिथेच आडवं केलंत. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: ‘मी भूमिकेत आहे. घराण्याशी झालेली गद्दारी एडुकान विसरत नाही.’

भूमिकेला आक्षेप नाही. २००९ साली बायोवेअरने ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये ड्वार्फ राजवाड्यातली ही भाऊबंदकी रचली, ती आपण तिच्यात गळ्यापर्यंत बुडावं म्हणूनच. सूड घ्या, खुशाल घ्या. घराण्याला तेवढं मधे ओढू नका.

कारण घराण्यात उरलंय कोण? राजे एंड्रिन गेले. थोरले ट्रायन गेले. ट्रायनच्या खुनाच्या आरोपावरून आपण हद्दपार झालात, त्याबरोबरच आपलं नाव नोंदींतून खोडलं गेलं. राहिले बेलन, आणि रायकाच्या पोटी त्यांना झालेला मुलगा, त्याचंही नाव आजोबांवरून एंड्रिन. (आपलं एखादं पोर मागे राहिलं असेल, तर तो विषय वेगळा.) आणि घराण्यावरच्या निष्ठेपायी आपण काय केलंत, तर गादी दुसऱ्या घराण्याला देऊन टाकलीत. वडिलांची शेवटची इच्छा म्हणाल, तर ती आपण ऐकलीत हॅरोमाँटच्या पक्षाकडून. ज्याला गादी हवी आहे त्याच्याच तोंडून मृत्युपत्र ऐकायचं, हा भाबडेपणा राजवाड्यात वाढलेल्या माणसाला शोभत नाही.

आता ट्रायन. बेलन काळजीने काळवंडलेला चेहरा करून आपल्याकडे आले आणि म्हणाले, दादा तुमच्या जिवावर उठलाय. त्या वेळी आपण कोणता पर्याय निवडलात, हे आम्ही विचारत नाही, आपल्याला आठवतंय. ‘नाही, मी त्याच्याशी बोलेन’ म्हणाला असाल, तर खोल भुयारी वाटांवर ट्रायनचं प्रेत आयतं सापडलं. ‘मग आपणच आधी वार करू’ म्हणाला असाल, तर ट्रायन जिवंत भेटले आणि उरलेलं काम आपण आपल्या हाताने केलंत. एंड्रिन येऊन पोहोचले तेव्हा दोन्ही खेपेला देखावा एकच होता, आणि आपल्याच बरोबर आलेला फ्रँडलिन आयव्हो आपल्याचविरुद्ध साक्ष द्यायला उभा होता. पण दुसरा पर्याय निवडणाऱ्यांनी बेलनवर भ्रातृहत्येचा आरोप ठेवताना आवाज जरा खाली ठेवावा. तुमचं दुःख भाऊ मेल्याचं नाही. धाकट्याने आपल्याला बनवलं, याचं आहे.

उलट बाजूचे महाभागही आहेतच. ते बेलनला गादीवर बसवतात आणि उदार चेहऱ्याने सांगतात, ‘वैयक्तिक वैर गिळलं, प्रजेचं हित पाहिलं.’ बेलन भूपृष्ठाशी व्यापार खुला करतो, जातिहीनांना शस्त्रं देतो, हे खरं. हॅरोमाँटच्या राज्यात ऑर्झामार दारं लावून घेतं आणि जातीचे नियम आणखी आवळले जातात, हेही खरं. पण महाराज, हे सगळं खेळ संपल्यावर पडद्यावर उमटतं! आपल्या राजपुत्राला ते आधीच कसं कळलं? ज्यांच्या चेहऱ्यावर जन्मतःच डाग गोंदला जातो त्या डस्ट टाउनच्या लोकांकडे ज्याने आयुष्यात मान वळवून पाहिलं नाही, त्याला ऐन राजा ठरवायच्या वेळी त्यांचा कळवळा? हा राजपुत्र बोलत नाही. मागच्या खेळाचा शेवट वाचून आलेला आपणच बोलताय.

त्यापेक्षा हॅरोमाँटवालेच प्रामाणिक. ते भावाला ठार करतात आणि मनातून खूश होतात. फक्त तोंडाने ‘घराणं, घराणं’ म्हणतात, तेवढं बंद झालं की आमची तक्रार नाही.

कळावे,
आपला,
एक जातिहीन हितचिंतक

ता. क. : आपल्यापायी आपला अंगरक्षक गोरिम याचीही ऑर्झामारमधून हकालपट्टी झाली. तो आता डेनेरिमच्या बाजारात हत्यारं विकतो, संसारालाही लागलाय. रक्ताचा कुणी नाही, तरी शेवटपर्यंत आपल्या बाजूने उभा राहिला तो हाच. भुयारांतून गोळा केलेलं गंजकं भंगार त्याच्याच दुकानात नेऊन ओतू नका.