खोल पाण्यातला वकील

निवृत्त फौजी अधिकारी महाराष्ट्रात मुबलक आहेत आणि त्यांचे प्रकारही ठरलेले आहेत. एक पुण्यात बंगला बांधून गुलाब लावतो आणि खड्ड्यांबद्दल वर्तमानपत्राला पत्रं लिहितो. दुसरा सोसायटीचा अध्यक्ष होऊन पार्किंगच्या रेघा मारून घेतो. तिसरा पहाटे कुत्र्याला फिरवतो. दोघांत जास्त ताठ कोण चालतं, हे लांबून कळत नाही. चौथा प्रकार मात्र दुर्मीळ. हा ऐन उमेदीची वर्षं पाणबुडीत काढतो, चाळिशी ओलांडल्यावर लॉ कॉलेजात विशीतल्या पोरांच्या बाकावर बसतो आणि मग काळा कोट चढवून जहाजांचे खटले लढवतो. आमच्या सोसायटीत असा एक आहे. सगळे त्यांना कमांडरसाहेब म्हणतात. हायकोर्टातले ज्युनियर 'सर' म्हणतात. वहिनी काय म्हणतात, ते त्या दिवशीच्या वागणुकीवर अवलंबून असतं.

नकाशावर पाहिलं तर या माणसाने आयुष्यात फारशी मजल मारलेली नाही. नौदल गोदीच्या लायन गेटमधून बाहेर पडले आणि हायकोर्टात शिरले. रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटं, मध्ये चहा झाला तर वीस. पण या पंधरा मिनिटांत माणसाला जगण्याची रीत उलटी करावी लागते. पाणबुडीत आवाज करणं हे पाप, कोर्टात आवाज न करणं हे आर्थिक नुकसान.

आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी, 'कलवरी', 8 डिसेंबर 1967 ला सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात नौदलात रुजू झाली. कमांडर तिच्या धाकट्या भावंडांत वाढले. विशाखापट्टणमच्या 'सातवाहन'मध्ये शिक्षण, आणि मग 91 मीटर लांबीच्या लोखंडी नळीत पाऊणशे माणसांबरोबर संसार. पाणी बेताचं, म्हणून आंघोळ नाही. कपडे धुवायचे नाहीत, वापरून टाकून द्यायचे. झोपायला जावं, तर त्या जागेवरून दुसरा नुकताच उठलेला असतो आणि गादी त्याच्या अंगाने गरम असते. त्यातलीच 'कुरसुरा' 2002 पासून विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर संग्रहालय होऊन उभी आहे. कमांडर मध्यंतरी नातवंडांना घेऊन ती बघायला गेले. ज्या बोटीत राहायचा सरकारने पगार दिला, त्याच जातीच्या बोटीत शिरायला तिकीट काढावं लागलं, याचं त्यांना काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते नातवाच्या प्रश्नाचं. सगळं बघून झाल्यावर तो म्हणाला, "आजोबा, पण तुमची रूम कुठेय?"

त्या नळीतून तीन सवयी आयुष्यभर चिकटल्या. पहिली, हळू बोलण्याची. दुसरी, दार, झाकण, नळ, गॅस, जे जे बंद होऊ शकतं ते दोनदा तपासण्याची. तिसरी, आवाज न करता घरात शिरण्याची. या तिसरीने वहिनींचं रक्त आटवलं. स्वयंपाकघरात वळून बघावं, तर मागे नवरा उभा. कधी आला, कसा आला, पत्ता नाही. वहिनी शेवटी नवऱ्याच्याच पुस्तकांत शिरल्या आणि 1982 च्या समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचं विसावं कलम शोधून काढलं. दुसऱ्या देशाच्या किनारी समुद्रात पाणबुडीने पृष्ठभागावरूनच चालायचं आणि आपला झेंडा दाखवायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. "अहो, हे घर माझी हद्द आहे," वहिनींनी बजावलं. तेव्हापासून कमांडर दारातच खाकरतात आणि हातातली पिशवी उंच धरून आत येतात.

हळू बोलण्याची सवय सुरुवातीला कोर्टात नडली. न्यायमूर्ती पुढे वाकायचे, शिरस्तेदार कानामागे हात धरायचे. पण लवकरच लोकांना या माणसाचं दुसरं अंग कळलं. समोरचा वकील पाऊण तास गर्जना करतो आणि हे डोळे मिटून बसतात. नव्या ज्युनियरला वाटतं, सरांचा डोळा लागला. सरांचे डोळे मिटलेले असतात, पण कान जागे असतात. पाणबुडीला खिडक्या नसतात. बाहेर काय चाललंय ते कानांनीच ओळखायचं. कुठलं जहाज, किती पंख्यांचं, जवळ येतंय की लांब जातंय, हे ऐकून सांगणाऱ्यांच्या भरवशावर पाऊणशे जीव असतात. कोर्टातही ते तेच करतात. "ज्या मुद्द्यावर त्याचा आवाज चढला," ते ज्युनियरच्या कानात सांगतात, "त्या मुद्द्याचा कागद त्याच्याकडे नाहीये. तोच मागा."

त्यांच्या धंद्यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे जहाजाला अटक. जहाजाच्या व्यवहारात मालक एका देशात, कंपनी दुसऱ्या देशात, झेंडा तिसऱ्याचा, कप्तान चौथ्याचा. कोणाला धरणार? म्हणून कायदा म्हणतो, जहाजालाच धरा. दाव्यात प्रतिवादी म्हणून थेट जहाजाचंच नाव असतं. हुकूम निघाला की मुंबईच्या नगरपालांचं म्हणजे शेरीफचं कार्यालय कामाला लागतं. बेलिफ लाँचमध्ये बसून समुद्रात जातो आणि जहाजावर चढून वॉरंट चिकटवतो. कमांडर पूर्वी हौसेने बरोबर जायचे. एकदा बेलिफला लाँचमध्येच समुद्र लागला. त्याला लिंबू हुंगायला देत, दोराच्या शिडीवरून अर्धवट उचलत यांनी वर चढवलं. वर रशियन कप्तान उभा. बेलिफच्या तोंडून शब्द फुटेना. कमांडरनी रशियन बनावटीच्या बोटींवर उचललेली चार रशियन वाक्यं वापरली. कप्तानाचा चेहरा खुलला, त्याने चहा मागवला, आणि चहा पिता पिता त्याचं जहाज जप्त झालं.

या विद्येचा वेद त्यांना तोंडपाठ आहे आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते तो म्हणतात. 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे परदेशी जहाज फेब्रुवारी 1984 मध्ये मुरगावहून माल भरून निघालं, ते मालवाल्याला बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल चढवल्याची पावती न देताच. मालही त्याच्या सूचनेविरुद्ध परस्पर देऊन टाकला. पुढे हेच जहाज विशाखापट्टणमला आलं आणि अडकलं. मालक म्हणाले, तुमच्या हायकोर्टाचे अधिकार 1861 च्या इंग्रजी कायद्याएवढेच, आणि त्यात देशात येणाऱ्या मालाची तक्रार बसते, देशाबाहेर जाणाऱ्या मालाची बसत नाही. 1992 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वतंत्र देशाच्या हायकोर्टांना राणी व्हिक्टोरियाच्या चौकटीत कोंडून ठेवता येणार नाही. "तरी स्वतःचा कायदा करायला आपल्याला 2017 उजाडलं," कमांडर जिलेबी बाजूला सारून म्हणतात, "आणि त्या कायद्यातही युद्धनौकेला अटक नाही. म्हणजे माझ्या बोटीला कोणी हात लावू शकत नाही." शेजारी बसलेल्या वरपित्याला यातलं काय समजतं कोण जाणे, पण तो दर वेळी मठ्ठा पुढे करतो.

पक्का फौजी आणि पक्का वकील एकाच बनियनमध्ये राहतात, तेव्हा अधूनमधून भांडण होणारच. 31 जुलै 2011 ला ते जोरात झालं. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेला 'पवित' नावाचा टँकर महिनाभर समुद्रात एकटाच भटकत भटकत आला आणि जुहू-वर्सोव्याच्या वाळूत येऊन बसला. मध्ये कोणालाही दिसला नाही. मुंबईकर भेळ घेऊन बघायला गेले. कमांडर गेले तेव्हा त्यांच्यातला नौदलवाला मान खाली घालून उभा होता. त्याच माणसातला वकील मात्र टाचा उंचावून बघत होता: मालक कोण, विमा कोणाचा, ओढून नेण्याचा खर्च कोण देणार?

दुसरं भांडण जास्त जुनं आहे आणि अजून मिटलेलं नाही. 1924 साली ब्रुसेल्सला ठरलेल्या मालवाहतुकीच्या नियमांत एक तरतूद आहे: कप्तानाने किंवा खलाशांनी जहाज हाकण्यात चूक केली आणि माल बुडाला, तर त्या मालाची भरपाई जहाजमालकाकडे मागता येत नाही. आपल्याकडे हा नियम 1925 च्या कायद्याने आला. कमांडरनी तो कॉलेजात पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक समजून दुसरी आवृत्ती आणवली. नौदलात बोट तळाला नुसती घासली तरी चौकशी बसते, आणि इथे 'आमचा कप्तान गाढव होता' हाच मालकाचा बचाव! पक्षकार जहाजमालक असला की हा बचाव त्यांनाच मांडावा लागतो. त्या दिवशी ते नेहमीपेक्षाही हळू बोलतात.

या सगळ्या कायद्यात त्यांचं मनापासून प्रेम एकाच गोष्टीवर आहे: जनरल अ‍ॅव्हरेज. वादळात जहाज वाचवायला कोणाचा तरी माल समुद्रात फेकावा लागतो. ज्याचा फेकला त्याचंच नशीब फुटकं, असं म्हणायचं नाही. ज्यांचं ज्यांचं वाचलं त्या सगळ्यांनी आपापल्या ऐवजाच्या प्रमाणात वर्गणी काढून त्याची भरपाई करायची. ऱ्होड्स बेटावरच्या दर्यावर्दी लोकांचा हा रिवाज रोमन कायद्याने उचलला आणि आजही जगभर चालतो. बाकीचा कायदा 'चूक कोणाची' एवढंच विचारतो, असं कमांडरचं म्हणणं. पाणबुडीत मात्र कोणी चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला, तर तो कोणी फिरवला हे शोधायला आधी वर यावं लागतं, आणि आले तर सगळेच वर येतात.

हे प्रेम सोसायटीच्या कामी येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात रात्री बेसमेंटमध्ये पाणी भरायला लागलं. वॉचमनने प्रसंगावधान राखून तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या बागेची भिंत पहारीने फोडली. पाणी त्या बाजूने नाल्यात गेलं आणि खालच्या सगळ्या गाड्या वाचल्या. कुलकर्ण्यांची बाग, तुळशीवृंदावन आणि नव्या फरश्या मात्र पाण्याबरोबर गेल्या. सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी म्हणाले, "वाईट झालं, पण नैसर्गिक आपत्ती आहे." टाळ्या पडणार, एवढ्यात कमांडर उठले. काहीतरी बोलले. ऐकू येईना म्हणून सगळे गप्प झाले, आणि मग ऱ्होड्स बेटापासून सुरुवात झाली.

ज्यांच्या गाड्या वाचल्या त्यांनी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात कुलकर्ण्यांना भरपाई द्यायची, हे कळल्यावर पाच मिनिटांत आमच्या सोसायटीतली सगळी वाहनं स्वस्त झाली. मर्सिडीजवाल्यांची गाडी सेकंडहँड निघाली. एकांनी आपली गाडी भंगारातच काढायची होती असं जाहीर केलं. कमांडरनी शांतपणे सुचवलं, "आपण विम्याच्या पॉलिसीतला आकडा धरू." त्या शांततेत पंख्याचा आवाज ऐकू आला. त्यांची स्वतःची गाडी बेसमेंटमध्ये नव्हती. आयुष्यभर पाण्याखाली राहिलेला माणूस गाडी जमिनीखाली ठेवत नाही. तरी पहिला चेक त्यांनी फाडला. कोणीतरी म्हणालं, "साहेब, तुमचा काय संबंध?" ते म्हणाले, "बोटीत माझा कप्पा कोरडा आहे, असं सांगता येत नाही."

ठराव एकमताने झाला आणि एकमतानेच बाकी कोणी पैसे भरले नाहीत. पंधरा दिवसांनी सकाळी खाली गेलो तर प्रत्येक थकबाकीदाराच्या काचेवर कागद चिकटलेला: 'हे वाहन अटकेत आहे.' शेरीफच्या जागी वॉचमन, हातात गोंदाची बाटली. एकांची गाडी नाशिकला गेलेली होती, म्हणून त्यांची स्कूटर धरली होती. ते चिडून खाली आले, तेव्हा कमांडरनी 2025 चं उदाहरण दिलं: केरळच्या समुद्रात 'एमएससी एल्सा 3' बुडाली आणि हायकोर्टाने विळिंजम बंदरात त्याच कंपनीचं दुसरं जहाज धरायला सांगितलं. "मालक एकच असला की भावंडाला धरता येतं," ते म्हणाले. या कागदांना कायद्याने कवडीचीही किंमत नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते त्यांना कोणी विचारलंच नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, हे पाणबुडी आणि हायकोर्ट दोन्हीकडे शिकवतात.

चार दिवसांत वसुली पूर्ण झाली. मर्सिडीजवाले सगळ्यात शेवटी आले. त्यांनी पैसे मोजून दिले, पावती घेतली, आणि तिच्यावर लिहून मागितलं: 'सर्व हक्क राखून.' कमांडरसाहेबांनी ते अक्षर न अक्षर वाचलं, खाली सही केली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास," ते म्हणाले, तेही चक्क मोठ्याने. "पुढच्या वेळी माझ्याकडे या. जहाजमालकांसारखं बोलायला लागलात तुम्ही."