जुने कपडे देण्याची व घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुना कपडा म्हणजे घरातल्या कोणालाच होत नाही आणि टाकवतही नाही असा कपडा. सुभाषितकारांनी वित्ताला दान, भोग आणि नाश अशा तीनच गती सांगितल्या. कपड्याला चौथी आहे, ती म्हणजे स्टीलचा डबा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण साडी उजेडात धरते, पदराकडून दोन बोटांनी ताणते, "विरलीये" एवढेच म्हणते आणि पातेले मागे घेऊन डबी पुढे करते. वस्त्रपरीक्षेची याहून काटेकोर पद्धत अजून निघालेली नाही. दान करताना मात्र ही परीक्षा कोणी घेत नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

धर्मादाय दुकान ही मूळची विलायती सोय. ऑक्सफॅम या संस्थेने १९४०च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान मांडले. तिथे लोकांनी दिलेल्या वस्तू स्वस्तात विकून पैसा मदतकार्याला लावतात. महाराष्ट्रात दुकानापेक्षा भिंत अधिक रुजली. इराणमधील मशहद शहरात २०१५च्या हिवाळ्यात भिंतीवर खुंट्या ठोकून कपडे टांगण्याची कल्पना निघाली. वर्षभरात कोल्हापूरसह अनेक गावांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. नको असेल ते द्यावे, हवे असेल ते न्यावे, असा सुटसुटीत नियम. भिंतीला कान असतात असे म्हणतात. डोळे नसतात हे देणाऱ्यांनी लवकर ओळखले. दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसासमोर फाटकी विजार काढायला संकोच वाटतो, भिंतीसमोर तो वाटत नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह परिसरात मात्र भिंत म्हटली की धरणाची भिंत डोळ्यांपुढे येते. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदी अडवून हे धरण बांधले आहे. त्याच्या भिंतीवर कोणी शर्ट टांगत नाही. मात्र जुना कपडा कोणाच्या, कधी आणि कशासाठी उपयोगी पडतो, याचा अभ्यास करायला याहून चांगली जागा नाही. हा धानाचा मुलूख आहे. पाऊस लागला की बांध्यांत चिखलणी होते, पऱ्हे म्हणजे धानाची रोपे उपटून रोवणी चालू होते आणि बाया दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभ्या राहतात. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हा या कामाचा गणवेशच होय. पुढे कापणीत धानाची पाती हात कापतात, तेव्हाही तोच शर्ट अंगावर असतो. निवृत्त बाबूचा कॉलर झिजलेला, खिशावर शाईचा डाग पडलेला शर्ट इथे पहिल्या प्रतीचा माल ठरतो. बाबूला हयातीत न मिळालेली बढती त्याच्या शर्टाला मिळते. शर्टाला गुंड्या मात्र हव्यात, विशेषतः मनगटाच्या.

साडीची गत आणखी निराळी. नवेगाव बांधच्या जंगलालगतच्या शेतात रानडुकरे शिरू नयेत म्हणून काठ्या रोवून त्यांना जुन्या साड्या बांधतात. वाऱ्याने त्या फडफडतात आणि डुकरे बिचकतात, निदान पहिले काही दिवस. लग्नात नेसलेली, नंतर भावजयीने नाक मुरडलेली जांभळी सिंथेटिक साडी या कामी फार टिकते. सुती साडीला हा मान नाही. तिची गोधडी होते किंवा तान्ह्या बाळाची झोळी.

थंडीचा विचार वेगळा करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा दहाच्या खाली जातो आणि विदर्भातल्या सर्वांत थंड गावांच्या यादीत गोंदियाचे नाव झळकते. गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. हिवाळ्यात शहरांत स्वेटर विकणे हा या समाजाचा ठरलेला व्यवसाय. स्वेटर विकणारे इतके जवळ असूनही, विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला जुन्याचीच वाट पाहावी लागते.

आता देण्याची पद्धत. कपडा धुवावा, घामाच्या वासासकट दिल्याने पुण्य वाढत नाही. खिसे तपासावेत. परकर व सलवारीत नाडी ओवूनच द्यावी, कारण नाडीशिवायची सलवार हे वस्त्र नसून कोडे आहे. चपला जोडीने बांधाव्यात. अंतर्वस्त्रे देऊ नयेत, हे लिहावे लागते यातच सगळे आले. अन्शु गुप्ता यांनी १९९९मध्ये सुरू केलेली ‘गूंज’ संस्था कपडे निवडते, दुरुस्त करते, मग पाठवते. एवढा खटाटोप का, याचे उत्तर २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मिळाले. देशभरातून आलेल्या, कोणाच्याच कामाच्या नसलेल्या कपड्यांचे ढीग तिथे रस्त्याकडेला पडले होते. गावकरी विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात आणि मोबदल्यात कपडे घेतात, अशीही गूंजची रीत आहे. त्यामुळे घेणारा खाली मान घालत नाही आणि देणाऱ्याला छाती फुगवायला जागा उरत नाही. एका ब्लँकेटला सात हात लावून छायाचित्र काढण्याची प्रथाही या रीतीत आपोआप बाद होते.

घेण्याची पद्धत घेणाऱ्याला शिकवावी लागत नाही. तो कॉलर उलटून पाहतो, काखेची शिवण ओढतो, पँटची चेन तीनदा वरखाली करतो आणि बसायच्या जागी कापड विरले आहे का ते सूर्याकडे धरून बघतो. न पटल्यास परत ठेवतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूतही निवड करणे हा उद्धटपणा आहे असे देणाऱ्यांपैकी काहींना वाटते. हीच मंडळी भाजीवाल्याकडे चार टमाटे घेताना अख्खी टोपली उपसतात.

या व्यवहारातला सर्वांत मोठा दोष पंचांगाचा आहे. देणारा दिवाळीच्या साफसफाईला कपाट उघडतो. त्या वेळी झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, धान कापणीला आलेला असतो, पुढे मंडईचे म्हणजे गावजत्रांचे दिवस असतात, लेकी-जावई येतात आणि घरात एखादा नवा कपडा आलेला असतो. मदतीचा ढीग नेमका तेव्हा येऊन पडतो. रोवणी जुलैत लागते, तेव्हा शहरातली कपाटे बंद असतात. तरी ज्यांच्याकडे पूर्ण बाह्यांचे शर्ट निघतील त्यांनी ते मनगटाच्या गुंड्या लावून जूनच्या अखेरीस पोचते करावेत.