समुद्राचा लातूर पॅटर्न

लातूरहून रात्री जेवून निघालेला माणूस सकाळी रत्नागिरीत चहा पितो. सरांना मात्र एवढ्याच प्रवासाला गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ लागतो, आणि त्यातले शेवटचे चार दिवस प्रत्यक्ष जाण्यात वाया जातात, असं त्यांचं मत आहे.

सर म्हणजे कुणी एकटादुकटा माणूस नव्हे. लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात कुठल्याही जिन्याखालून "सर!" अशी हाक मारा, वरून एक तरी डोकं बाहेर येईल. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेलं हे डोकं. शाहू आणि दयानंद कॉलेजांनी गाजवलेल्या 'लातूर पॅटर्न'मध्ये उभी हयात गेलेली. पोर्शन लवकर संपवायचा, मग उजळणी, मग सराव परीक्षा, मग पुन्हा उजळणी. पोरं डॉक्टर होऊन पांगली, पॅटर्न घरात उरला. तो आता सहलीवर चालतो.

पाडव्याला दोनशे पानी वही निघते. पहिल्या पानावर पोर्शन: गणपतीपुळे, मालगुंड, आरे-वारे, जयगड. समोर वेटेज. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, पाच मार्क. देवाची टेकडीभोवतीची प्रदक्षिणा, दहा. समुद्राला चाळीस. मे महिन्यात कोकणातून परतलेल्या शेजाऱ्यांना सर गेटावरच अडवतात, पोरं परीक्षेहून आली की अडवायचे तसेच. "पेपर कसा होता? खोलीत पंखा होता का? मासळीचा वास कुठल्या बाजूनं?" उत्तरं वहीत जातात. शेजारी दमलेला असतो, पण सरांसमोर 'ऑप्शनला टाकलं' म्हणायची त्याची हिंमत नसते.

रस्ता हा तसा पाठ्यपुस्तकातलाच. नागपूरहून निघालेला महामार्ग नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातुरात येतो, आणि तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर मागं टाकून आंबा घाटानं रत्नागिरीला उतरतो. म्हणजे समुद्र आपल्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. फक्त गाडी निघायची कुठून, हे ठरत नाही. सरांचे साडू नांदेडचे. त्यांचं म्हणणं, तुम्ही इकडं या, सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकू अन् मग निघू. म्हणजे लातूरकरांनी समुद्राकडं पाठ करून आधी नांदेड गाठायचं. विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, या भांडणानं २००९ पासून दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी माणसं कामाला लावली. आमच्या गल्लीत तेच भांडण एका क्रूझरवरून दरसाल होतं. रेल्वेचं नाव काढलं की सर आणखी तापतात. २०१७ मध्ये लातूरची मुंबई गाडी बिदरपर्यंत नेली, तो घाव अजून ओला आहे.

साडूंची तऱ्हा अगदी उलटी. त्यांचं सगळं नियोजन 'बगू की' या दोन शब्दांत मावतं. सर दसऱ्याला सोयाबीन केव्हा विकायचं याचं कोष्टक मांडतात, कारण गावाकडचं सोयाबीन आडतीवर गेल्याशिवाय कोकण दिसत नाही. साडू म्हणतात, भाव आला तर जाऊ, नाही आला तर उसने घेऊन जाऊ. आणि खरं सांगायचं तर सहलीत मजा साडूच करतात.

वहीतलं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे राहण्याची सोय. सर हॉटेलांना हात लावत नाहीत. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी असलेलं घर हवं. आषाढात पहिला फोन जातो. पलीकडं कोकणातले काका.

"मी लातूरहून बोलूलालाव. दिवाळीत आमी येऊलालाव."

"बरं. माणसं किती?"

"घरचीच हायत की हो."

"घरची म्हणजे किती?"

"लहानमोठी धरून सोळा. दोन खोल्या बास झाल्या. लेकरं खाली झोपतेत."

"एका खोलीत तिघं. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागेल. वाळू भरलेले पाय घेऊन पडवीत यायचं नाही."

नियम सांगणारे घरमालक ही समुद्राकाठची जुनीच जात आहे. इंग्लंडात लँकशायरच्या गिरण्या वर्षातून आठवडाभर बंद ठेवत आणि गावंच्या गावं ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटत. तिथल्या खोल्या देणाऱ्या बायका जेवणावर मीठ-मिरपूड घेतली तर तेही बिलात लावत, अशी त्यांची ख्याती. सर तिथं असते तर त्यांनी मीठ लातूरहून नेलं असतं. इथं ते खरोखर नेतात. शिवाय येसर, शेंगदाण्याची चटणी, दोन दिवसांचे धपाटे आणि बोरसुरीची तूरडाळ. डाळीला आता जीआय मानांकन मिळालंय, हे ते काकांना फोनवरच सांगतात. काका "बरं" म्हणतात. हा सगळा डबा रात्रभर जागून करतात त्या सरांच्या पत्नी, आणि त्यांचं नाव वहीत कुठंही नाही.

मग सरांचा खरा प्रश्न येतो. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस दुसरं काय विचारणार?

"पाणी कितव्या दिवशी येतं तुमच्याकडं?"

काका क्षणभर थांबतात. "म्हणजे? रोजच येतं. दिवसातून दोनदा."

"दोनदा?"

"दोनदा येतं, दोनदा जातं."

सर फोनवर हात ठेवून आत ओरडतात, "अहो, दोनदा पाणी येतं म्हणे! ड्रम न्यायची गरज नाही."

काका भरतीबद्दल बोलत होते, हे उलगडायला दोन फोन गेले. पण त्यातून सरांना नवा विषय मिळाला. कोकणातला माणूस तिथीची पाऊणकी करून भरतीची वेळ काढतो: पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, दशमीला साडेसात. पाऊणकी! जो पाढा आता कुणी म्हणत नाही तो समुद्र रोज म्हणतो, हे कळल्यावर सरांना समुद्राविषयी पहिल्यांदाच आदर वाटला. कॅलेंडर उघडलं. भाऊबीज उरकून निघायचं आणि पंचमीला पेपर, असं ठरलं.

गाडी अखेर लातूरहूनच सुटली. नांदेडकर आदल्या रात्री मुक्कामाला आले आणि धपाट्यांचा पहिला दिवस तिथंच संपवला. औशापुढं उजनीला बासुंदीसाठी वहीत वीस मिनिटं होती. साडूंनी तास घेतला.

पंचमीला दुपारी सर घड्याळ घेऊन वाळूत उभे. पोरांना आधीच बजावलेलं: गणपतीपुळ्याचा समुद्र फसवा आहे, एकाएकी खोल होतो, गुडघ्यापर्यंत पोर्शन, त्याच्या वर आउट ऑफ सिलॅबस. पाणी कुठवर येईल याचा अंदाज करून त्यांनी खूण म्हणून साडूंची चप्पल ठेवली. लाटा चढत गेल्या. साडेतीनच्या सुमारास एक मोठी आली आणि चप्पल घेऊन गेली.

सरांनी घड्याळ पाहिलं. "उत्तर बरोबर हाय," ते म्हणाले, "पण स्टेप्स खाल्ल्या त्यानं."

साडू भजी खात होते. चप्पल गेल्याचं त्यांना संध्याकाळी कळलं.

दिवाळीनंतर ही वही गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडं जाते आणि नीटच्या नोट्सशेजारी लटकते. गेल्या हिवाळ्यात अर्धा ट्युशन एरिया त्याच पानांवर कोकणात जाऊन आला. त्यात पहिलाच प्रश्न अनिवार्य आहे. त्यामुळे आता फोनवर "लातूरहून बोलूलालाव" ऐकू आलं की काका नमस्काराच्याही आधी सांगून टाकतात, "दिवसातून दोनदा. माणसं किती?"